बाबा पुन्हा पहिलीत

मुलांनो, दरवर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाली की आम्हा शिक्षकांना एक काम ठरलेलं असतं. प्रत्येक मुलाकडून माहितीचा एक कागद भरून घ्यायचा. नाव, पत्ता, जन्मतारीख, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि त्यांचा व्यवसाय. सोपं वाटतं ना? पण त्या कागदावरची एखादी ओळ कधी कधी फार अवघड असते.

गेल्या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गात असंच झालं. एका मुलीनं अख्खा कागद सुंदर अक्षरात भरला होता. फक्त 'वडिलांचा व्यवसाय' ही जागा कोरी. तिचं खरं नाव मी सांगणार नाही, तसा शब्द दिलाय मी तिला. आपण तिला मैना म्हणू.

"मैना, हे राहिलं की गं!" मी म्हटलं. ती काहीच बोलली नाही. मधल्या सुट्टीत मुलं डबे घेऊन बाहेर पळाली, तेव्हा ती माझ्या टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, "बाई, माझे बाबा नापास झालेत का हो?"

मला काही कळेना. मग तिनं एकेक सांगितलं. बाबा इंजिनिअर. तेरा वर्षं हिंजवडीच्या एका कंपनीत विम्याच्या कामाचं सॉफ्टवेअर लिहायचे. एप्रिलमध्ये त्यांनी नोकरी सोडली. आता दिवसभर घरी असतात. जेवणाच्या टेबलावर वही उघडून बसतात, त्रिकोण काढतात, गणितं सोडवतात, चुकली की खोडतात. समोरच्या काकू आईला म्हणाल्या, "पस्तिशी उलटली की हो! आता कसलं शिकणं?"

"नापास झालेलेच परत तेच शिकतात ना, बाई?" मैना म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

खरं सांगू? मला लगेच उत्तर सुचलं नाही. मी तिला एवढंच म्हटलं, "उद्या सांगते." आणि संध्याकाळी तिच्या बाबांना फोन केला. आजची गोष्ट ही त्या उत्तराची गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मैनाचे बाबा आले. लाजरेबुजरे गृहस्थ. म्हणाले, "बाई, मी व्हर्च्युअल रिअॅलिटीचं काम शिकतोय. आभासी वास्तव. आधी वर्षभर नोकरी सांभाळून रात्री शिकलो. मग लक्षात आलं, रात्रीचा दीड तास पुरत नाही. आमच्या हिची नोकरी आहे, थोडी शिल्लक टाकलेली आहे. म्हणून सहा महिने पूर्ण वेळ शिकायचं ठरवलं. घरात सगळ्यांशी बोललो. मैनाशी मात्र बोलायचं राहिलं. वाटलं, लहान आहे."

लहान मुलांना काही कळत नाही असं मोठ्यांना नेहमीच वाटतं, नाही का?

आता हे आभासी वास्तव म्हणजे काय, ते आधी बघू. त्यासाठी तुम्हाला विकत काहीच आणायला नको. स्वतःचा अंगठा पुरे. हात लांब करून अंगठा समोर धरा. डावा डोळा मिटा आणि उजव्यानं पाहा. आता उजवा मिटा, डाव्यानं पाहा. अंगठा भिंतीवर उडी मारतो की नाही? अंगठा तिथंच असतो. पण आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा सेंटिमीटरचं अंतर आहे, म्हणून प्रत्येक डोळ्याला थोडं वेगळं चित्र दिसतं. मेंदू ही दोन चित्रं जुळवतो आणि त्यावरून ठरवतो, काय जवळ आहे आणि काय लांब आहे.

ही गंमत चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १८३८ मध्ये लोकांपुढे मांडली. त्यानं एकाच वस्तूची दोन किंचित वेगळी चित्रं काढली आणि आरशांच्या मदतीनं एक चित्र डाव्या डोळ्याला, दुसरं उजव्याला दाखवलं. सपाट कागदावरची वस्तू उठून समोर उभी राहिली! तेव्हा फोटोसुद्धा नव्हते बरं का. फोटोची कला जगापुढे आली ती पुढच्या वर्षी, १८३९ मध्ये.

मग १९६८ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलँड यानं एक पाऊल पुढे टाकलं. त्यानं दोन चित्रं संगणकाकडून काढून घेतली आणि ती दाखवणारं यंत्र डोक्यालाच लावलं. डोकं किती वळलं ते मोजणारा त्याचा भाग छताला टांगलेला असे. दिसायचं काय, तर तारांचा असावा तसा एक चौकोनी ठोकळा. पण डोकं वळवलं, थोडं बाजूला झालं, की ठोकळ्याची दुसरी बाजू दिसायची. आजच्या व्हीआरच्या गॉगलचे हे पणजोबाच म्हणा ना!

याच घरातलं दुसरं भावंड म्हणजे एआर, ऑगमेंटेड रिअॅलिटी. व्हीआरमध्ये आपली खोली दिसेनाशी होते आणि वेगळंच जग दिसतं. एआरमध्ये आपली खोली दिसत राहते आणि तिच्यात नसलेली वस्तू मांडलेली दिसते. हे नाव १९९० च्या सुमारास बोइंग या विमानाच्या कंपनीत टॉम कॉडेल यानं दिलं. विमानात लागणाऱ्या वायरींचे जुडगे कामगार मोठ्या फळ्यांवर मांडायचे. कुठली वायर कुठून न्यायची हे कामगाराला डोळ्यांसमोरच दिसलं तर किती बरं, अशी ती कल्पना होती. तुमच्या दादा-ताईंनी २०१६ मध्ये मोबाईलवर 'पोकेमॉन गो' हा खेळ खेळला असेल. रस्त्यावर, बागेत ती चित्रविचित्र प्राणी दिसायचे. तो एआरचाच प्रकार.

मैनाचे बाबा जाताना म्हणाले, "बाई, जॉन कारमॅकबद्दल वाचा. त्याच्यामुळे मला धीर आला." मी घरी जाऊन वाचायला बसले. मुलांनो, मी काही संगणकातली तज्ज्ञ नाही. पण ही गोष्ट मला आवडली.

जॉन कारमॅक हा अमेरिकेतला प्रोग्रामर, १९७० साली जन्मलेला. १९९३ मध्ये 'डूम' आणि १९९६ मध्ये 'क्वेक' हे संगणकाचे खेळ आले, त्यांच्यामागचा मुख्य प्रोग्रामर तोच. खेळ मारामारीचे आहेत, तुमच्या वयाचे नाहीत. पण त्यांतलं काम मोठं होतं. तेव्हाचे घरगुती संगणक अगदी दुबळे. त्यांवर खेळणारा पुढे धावला, वळला, तर समोरचा बोळ, भिंती, दारं भराभर बदलून दाखवायची हे सोपं नव्हतं. ते कारमॅकनं जमवलं आणि जगभर त्याचं नाव झालं.

अशा माणसानं काय करावं? आरामात बसावं, असंच आपण म्हणू. पण २०१२ मध्ये, वयाची चाळिशी ओलांडल्यावर, तो डोक्याला लावायच्या यंत्रांच्या मागे लागला. बाजारात मिळणारी यंत्रं आणली, उघडली, मोजमापं घेतली. कॅलिफोर्नियात पामर लकी नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा घरच्या गॅरेजमध्ये असलंच एक यंत्र जुळवत होता. कारमॅकनं त्या मुलाकडून ते यंत्र मागून घेतलं! त्यात सुधारणा केल्या आणि जून २०१२ मध्ये लॉस एंजेलिसच्या खेळांच्या प्रदर्शनात ते लोकांना दाखवलं. लकीच्या कंपनीचं नाव ऑक्युलस. ऑगस्ट २०१३ मध्ये कारमॅक तिथे तंत्रज्ञानाचा प्रमुख म्हणून गेला. आपल्या निम्म्या वयाच्या मुलानं सुरू केलेल्या कंपनीत! तो एकटाच नव्हता. मायकेल अॅब्रॅश हा त्याचा जुना सहकारी. त्यानं मायक्रोसॉफ्टमध्ये विंडोज एनटीवर काम केलं होतं, मग कारमॅकबरोबर 'क्वेक'वर. तोही २०१४ मध्ये ऑक्युलसला आला.

आता तुम्ही म्हणाल, बाई, संगणक तोच, प्रोग्रामर तोच, मग नवं शिकायचं ते काय?

एस.टी.तून घाट चढताना गोष्टीचं पुस्तक वाचलंय कधी? काय होतं? मळमळतं! कारण कानाच्या आतला एक छोटासा भाग मेंदूला सांगत असतो, 'आपण वळतोय, हलतोय.' आणि पुस्तकावर खिळलेले डोळे सांगतात, 'छे, सगळं स्थिर आहे.' दोघांचं भांडण लागतं आणि त्रास पोटाला होतो.

व्हीआरमध्येही असंच भांडण लागतं. तुम्ही डोकं वळवलं. कान लगेच सांगतो, 'वळलं!' पण गॉगलमधलं चित्र वळायला उशीर लागतो. कारण यंत्रानं आधी डोकं किती वळलं ते मोजायचं, मग संगणकानं दोन डोळ्यांसाठी दोन नवी चित्रं काढायची, ती पडद्याकडे पाठवायची, मग पडदा उजळायचा. हा उशीर किती चालेल? कारमॅकनं २०१३ मध्ये लिहिलं, की तो २० मिलिसेकंद किंवा त्याहून कमी हवा. एका सेकंदाचे हजार भाग करा, त्यांतले वीस. पापणी लवायलासुद्धा याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

गंमत म्हणजे, २०१२ मध्ये त्याच्या लक्षात आलं होतं, की अमेरिकेतून युरोपला इंटरनेटवरून एक संदेश पोचतो त्याहूनही जास्त वेळ संगणकातून समोरच्या पडद्यावर एक ठिपका उमटायला लागतो. ठिपका जवळ आणि युरोप समुद्रापार, तरीसुद्धा! इतकी वर्षं हे फारसं कुणाला टोचलं नव्हतं, कारण खुर्चीत बसून पडदा बघणाऱ्याला तो उशीर कळतच नाही.

मग त्यानं काय युक्ती लढवली? घरी गरम पोळी वाढताना आई काय करते? पोळी तव्यावरून काढेपर्यंत तुम्ही ताट सरकवलेलं असतं. आई मघाशी ताट होतं तिथे पोळी टाकत नाही. शेवटच्या क्षणी ताट कुठे आहे ते बघते आणि तिकडे वाढते. अगदी तसंच. चित्र काढून झालं, की दाखवायच्या अगदी आधी यंत्र पुन्हा विचारतं, 'आत्ता डोकं कुठे आहे?' आणि तयार चित्र तेवढं सरकवून घेतं. साधी वाटते ना युक्ती? पण डोक्यात यायला आधी जुनी सवय मोडावी लागली.

हे सगळं वाचून मी मैनाच्या बाबांना वर्गातच बोलावलं. एका शनिवारी ते आले. गॉगल आणला होता, पण तो आम्ही कुणाच्याही डोळ्यांना लावला नाही. बनवणाऱ्या कंपन्यांनीच वयाची अट घातलेली आहे, कुणाची १० वर्षं, कुणाची १३. माझ्या वर्गात नऊ वर्षांचीही मुलं होती. मुलं जरा हिरमुसली. पण मग बाबांनी एक खेळ घेतला आणि सगळं विसरली.

खेळ असा. बाकं बाजूला सरकवून वाट केली. एका मुलाच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. दुसऱ्यानं त्याला सांगायचं, 'डावीकडे', 'उजवीकडे', 'थांब'. पहिल्या वेळी दिसेल तसं लगेच सांगायचं. मुलगा छान चालत गेला. दुसऱ्या वेळी नियम बदलला. दिसलं की आधी मनात 'एक, दोन' म्हणायचं आणि मग सांगायचं. झालं! मुलगा फळ्यावर, मग बाकावर, मग चक्क माझ्यावर आपटला. वर्ग हसून लोटपोट.

"सूचना बरोबरच होत्या," बाबा म्हणाले, "फक्त उशिरा आल्या. माझ्या जुन्या कामात माणूस बटण दाबून दोन सेकंद थांबला तरी चालायचं. इथे उशिरा आलेलं बरोबर उत्तर चूकच असतं."

मग एका मुलानं विचारलं, "काका, म्हणजे तुमचं आधीचं सगळं वाया गेलं?"

मुलांनो, प्रश्न तुम्हीच विचारावेत! बाबा क्षणभर थांबले. मग खडू घेतला आणि फळ्यावर तीन रकाने आखले. पहिला, 'सोबत आणलेलं'. दुसरा, 'सोडून दिलेलं'. तिसरा, 'नव्यानं शिकलेलं'.

'सोबत आणलेलं'मध्ये त्यांनी लिहिलं : मोठं काम लहान तुकड्यांत पाडणं. चूक शांतपणे शोधणं. दुसऱ्यानं लिहिलेलं वाचून समजून घेणं. आणि सी-शार्प ही संगणकाची भाषा. ती ते विम्याच्या कामात वापरायचे. व्हीआरचे खेळ आणि देखावे बनवायला युनिटी नावाचं सॉफ्टवेअर खूप जण वापरतात, त्यातही हीच भाषा चालते.

'सोडून दिलेलं'मध्ये दोनच गोष्टी होत्या. एक, 'जरा थांबा' म्हणायची सवय. दुसरी, समोरचा माणूस खुर्चीत बसलेला आहे ही समजूत. व्हीआरमधला माणूस उभा राहतो, वाकतो, हात लांब करतो, बुटका असतो, उंच असतो. त्याला घेरी येऊ शकते. बनवणाऱ्याला त्याच्या अंगाचा विचार करावा लागतो.

'नव्यानं शिकलेलं' हा रकाना सगळ्यांत लांब झाला. कोनांचं गणित. वस्तू कुठल्याही बाजूला कशी फिरवायची त्याचं गणित. "यासाठी चार आकड्यांचा एक संच वापरतात, त्याला क्वाटर्निअन म्हणतात," बाबा म्हणाले. तो आयर्लंडच्या विल्यम हॅमिल्टन या गणितज्ञाला १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनमध्ये पत्नीबरोबर फिरायला जाताना सुचला. विसरू नये म्हणून त्यानं ते सूत्र चाकूनं पुलाच्या दगडावर कोरून ठेवलं! (तुम्ही बाकांवर काही कोरू नका हं. तुमच्याजवळ वह्या आहेत.) हॅमिल्टनच्या वेळी संगणक नव्हता, गॉगल नव्हता. आज गॉगल घातलेल्या माणसानं मान फिरवली, की तेच गणित कामाला येतं.

शेवटी बाबांनी स्वतःची फजिती सांगितली. ब्लेंडर नावाचं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, त्यात वस्तू घडवता येतात. त्यांनी पहिलंच टेबल केलं. उंची लिहिली ७५. पंचाहत्तर सेंटिमीटर या हिशेबानं. पण युनिटीत एक म्हणजे एक मीटर! गॉगल घालून बघतात तर काय, टेबल वीस-बावीस मजली इमारतीएवढं, आणि हे त्याच्या पायाशी मुंगीसारखे उभे.

"मी मोठ्यानं ओरडलो," बाबा म्हणाले, "मैना धावत आली आणि मला विचारते, बाबा, काय झालं? मी सांगितलं नाही. लाज वाटली."

"मला वाटलं, तुम्ही रडताय," मैना बाकावरून म्हणाली. वर्ग गप्प झाला. बाबाही गप्प झाले. मग म्हणाले, "पुढच्या वेळी फजिती झाली की पहिल्यांदा तुलाच दाखवीन."

शाळा सुटताना मैना माझ्याकडे आली. "बाई, तो जूनचा कागद द्या ना." मी कपाटातून काढून दिला. 'वडिलांचा व्यवसाय' या कोऱ्या जागेत तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'विद्यार्थी'.

पुढे काय झालं, तेही सांगते. नाहीतर तुम्ही पत्रं लिहून विचारालच! सहा महिने झाले, तरी काम मिळालं नाही. दोन ठिकाणी नकार आला. मैनाला वाढदिवसाला सायकल कबूल केली होती, ती राहिली. घर आईच्या पगारावर चाललं होतं. दिवाळीनंतर मात्र एका लहानशा कंपनीत काम मिळालं. पगार आधीपेक्षा बराच कमी. काम असं, की कारखान्यातल्या कामगारांना आग विझवायला शिकवायचं, पण खरी आग न लावता. गॉगल घातला की समोर आग दिसते. मग आग विझवायचं नळकांडं उचलायचं, खिळ ओढायची, नळी आगीच्या बुडाशी रोखायची, दांडी दाबायची आणि नळी इकडून तिकडे फिरवायची. ज्वाळांच्या टोकावर मारलं तर आग विझत नाही, हे कामगाराला हातानं कळतं.

आणि गंमत बघा. त्या कंपनीतली बाकीची मुलं वयानं लहान, चित्रात, खेळात हुशार. आग काय सुंदर काढतात! पण कोणता कामगार कोणती पायरी विसरला, दुसऱ्या वेळी सुधारला की नाही, याची बिनचूक नोंद ठेवायची कशी, हे त्यांतल्या कुणाला नीट येत नव्हतं. आणि त्याशिवाय शिकवण्याला काय अर्थ? ते काम मैनाच्या बाबांकडे आलं. तेरा वर्षं विम्याच्या कामात त्यांनी दुसरं काय केलं होतं? नोंदीच तर ठेवल्या होत्या!

म्हणजे मुलांनो, आपण एक शाळा सोडून दुसऱ्या शाळेत जातो, तेव्हा दप्तर रिकामं करून जात नाही. काही वह्या घरी ठेवतो, काही बरोबर नेतो. पण कुठल्या घरी ठेवायच्या, हे ज्याला ठरवता येतं त्याला नवी शाळा जमते. आणि नव्या शाळेत पहिले काही दिवस आपल्याला बाक सापडत नाही, यात लाज कसली?

आता दोन शब्द आईबाबांसाठी. हे वाचून कुणी उद्याच राजीनामा लिहायला बसू नये. या क्षेत्रात चढउतार फार आहेत. गूगलचा पुठ्ठ्याचा गॉगल २०१४ मध्ये आला आणि २०२१ मध्ये त्याची विक्री थांबली. मायक्रोसॉफ्टनं २०१६ मध्ये होलोलेन्स नावाचा महागडा एआर चष्मा आणला, २०२४ मध्ये त्याचं उत्पादन बंद केलं. अॅपलनंही २०२४ मध्ये आपला गॉगल बाजारात आणला, पण किंमत ३,४९९ डॉलर! खुद्द कारमॅक २०२२ च्या अखेरीस ऑक्युलसच्या मालक कंपनीतून बाहेर पडला आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मागे लागला. म्हणून मैनाच्या बाबांनी केलं ते लक्षात घ्यावं. आधी नोकरी सांभाळून वर्षभर शिकले. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढला. गॉगल विकत घेण्याआधी मित्राचा आणून बघितला, आपल्याला घेरी येते का ते पाहिलं. दहा अर्धवट कामांपेक्षा एक छोटं काम पूर्ण केलं आणि तेच मुलाखतीला दाखवलं. त्यांची एकच चूक झाली, असं ते स्वतःच म्हणतात. घरातल्या सगळ्यांत लहान माणसाला सांगितलं नाही. घरात काही बदलत असलं, तर मुलांना आधी सांगा. त्यांना अर्धंमुर्धं कळतंच, आणि उरलेलं ती मनानं भरतात.

मार्चमध्ये निकालाच्या आधी मी सगळे कागद तपासत होते. मैनाला हाक मारली. म्हटलं, "बाबांना नोकरी लागली ना आता? व्यवसाय बदलून लिहायचा का?"

तिनं थोडा विचार केला. "राहू दे, बाई. काल रात्री पण वही घेऊन बसले होते."

मग मीही तसंच राहू दिलं.

या आठवड्याचा प्रयोग

हे मासिक हातभर अंतरावर धरा. आता हात स्थिर ठेवून डोकं डावीकडे-उजवीकडे हलवा, 'नाही, नाही' म्हणतो तसं. अक्षरं वाचता येतात ना? आता डोकं स्थिर ठेवा आणि अंक तेवढ्याच वेगानं हलवा. अक्षरं पुसट होतात! का बरं? डोकं हलतं तेव्हा कानाच्या आतला तो छोटा भाग डोळ्यांना लगेच निरोप देतो आणि डोळे उलट दिशेला फिरतात. निरोप पोचून डोळे हलायला साधारण दहाच मिलिसेकंद लागतात. अंक हलतो तेव्हा मात्र कानाला काहीच कळत नाही. व्हीआर बनवणाऱ्यांची शर्यत कुणाशी आहे, कळलं? तुमच्या इवल्याशा कानाशी!

आणखी एक काम. आपल्या घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, 'तुम्ही शेवटचं नवीन काय शिकलात? आणि त्यासाठी आधीचं काय उपयोगी पडलं?' आजी, आजोबा, काका, मावशी, सगळ्यांना विचारा. वहीत तीन रकाने आखा. सोबत आणलेलं, सोडून दिलेलं, नव्यानं शिकलेलं. कुणी लाजलं, तर त्यांना मैनाच्या बाबांच्या पंचाहत्तर मीटरच्या टेबलाची गोष्ट सांगा.

आणि मला लिहून कळवा. पत्रात स्वतःचं नाव, इयत्ता आणि गाव लिहायला विसरू नका. भेटू पुढच्या आठवड्यात.

तुमच्या बाई